मास्तरांचे अकरा सेकंद

मास्तर रोज सकाळी सव्वासहाला ट्रम्पेट ज्वारीच्या रिकाम्या कोठीत घालून वाजवायचे. कोठी पत्र्याची, कमरेइतकी उंच. पत्रा थरथरू नये म्हणून आत जुनी वाकळ पसरलेली. ट्रम्पेटचं पितळी तोंड आत आणि मास्तर वरून वाकलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा तळातली ज्वारी हुंगतोय. शेजाऱ्यांची झोप मोडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. माझी दाढी, अंघोळ आणि पहिला चहा एवढं सगळं त्या दबलेल्या आवाजात उरकायचं. रियाझ चाळीस मिनिटांचा. अठ्ठावीस वर्षांच्या शेजारात तो पाच मिनिटांनीही पुढेमागे झाल्याचं मला आठवत नाही.

कळंबमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण चौदा जणांच्या लग्नाच्या बँडचे ते मास्तर होते. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून ते मला सर म्हणत. "तुमी सर, मी मास्तर," ते म्हणायचे, "गल्लीत शिकायला मातर कुनी न्हाय." विनोदही ते थकल्यासारखा करत, उत्तराची वाट न बघता.

मूळचे ते नळदुर्गचे. एकोणिसाव्या वर्षी हायवेवर एका ट्रकला हात केला आणि हैदराबादला उतरले. सिकंदराबादच्या एका हॉटेलात संध्याकाळी बँड वाजायचा. तिथे खुर्च्या लावता लावता एका म्हाताऱ्या गोवेकर बँडमास्तरांकडून ते ट्रम्पेट शिकले, आणि जॅझ वाजवायला लागले. ते त्याला 'जाज' म्हणत. नऊ वर्षं वाजवलं. मग हॉटेलवाल्याने बँड बंद करून टेपरेकॉर्डर आणला आणि मास्तर ट्रम्पेट घेऊन परत आले. त्या नऊ वर्षांचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "फोटू खुर्चीवर बसनाऱ्याचा काढत्यात, सर."

जॅझ म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी गुरूचंच सांगितलं. गाणं म्हणजे आपलं घर. घरातून निघायचं, वेशीपर्यंत जायचं, वाटलं तर वेशीच्याही बाहेर. पण दिवे लागायच्या आत माघारी यायचं. "जाता कुनालाबी येतंय. माघारी येता आलं पायजे."

अडचण अशी होती, की हे ते लग्नातही करायचे. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघालेला, पुढे बँड, सिनेमाचं ओळखीचं गाणं चाललेलं, पोरं नाचतायत, आणि मधेच मास्तर गाणं सोडून निघून जायचे. ताशेवाले, क्लॅरोनेटवाले गाण्यातच थांबत. मास्तरांचा ट्रम्पेट एकटाच वर, आडवा, कुठल्या कुठे. नाचणाऱ्यांचे पाय चुकायचे. लोक म्हणत, "मास्तर सुटले." कुणाचा तरी मामा ओरडायचा, "ओ मास्तर, कुठं चाललाव? मारुती हिकडं हाय." मास्तर ट्रम्पेट तोंडापासून बाजूला करून शांतपणे म्हणत, "येतो की माघारी." आणि यायचे. पण तोवर कुणी ना कुणी येऊन सांगून जायचं की सरळ वाजवा. त्यांना पूर्ण फेरी मारून परत येऊ दिलं, असं लग्न मी पाहिलेलं नाही, आणि मी बरीच लग्नं पाहिली आहेत.

पुढे डीजे आले आणि बँडचे चौदाचे नऊ झाले, नवाचे पाच. पाच माणसांचा बँड फक्त सत्यनारायणाला आणि दुकानाच्या उद्घाटनाला चालतो. मास्तरांनी तक्रार केली नाही. सकाळची चाळीस मिनिटं मात्र सोडली नाहीत. कुणासाठी वाजवता, असं माझ्या बायकोने विचारलं, तर म्हणाले, "ओठ लई लवकर इसरतेत, वैनी. तेंच्यासाठी."

दोन वर्षांपूर्वी त्यांचे वरचे समोरचे दोन दात हलायला लागले. ट्रम्पेटची वाटी ओठावर दाबली जाते आणि ओठाला मागून आधार असतो तो याच दातांचा. त्यांची मुलगी माकणीला दिलेली आहे. ती येऊन त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन्ही दात काढायला सांगितले. मास्तरांनी महिन्याची मुदत मागून घेतली आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"सर, एक इचारू का? म्या कसा वाजवतो?"

"चांगलं वाजवता."

"शेजारी म्हनून नगा सांगू." त्यांनी मूठ तोंडापुढे धरली. "ट्रम्पेटचं तोंड पुढं असतंय. आवाज समोरच्याला. वाजवनाऱ्याच्या वाट्याला हाडातली थरथर तेवढी येती. पंचेचाळीस वर्षं झाली, पन म्या मला समोरून कधी ऐकलं न्हाय. एकदा ऐकायचं व्हतं, मग दात गेले तरी चालतेत."

मला हे अगदी सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर त्यांचं वाजवणं टिपलं आणि तिथेच ऐकवलं. हलत्या दातांमुळे ओठाच्या कडेने हवा निसटत होती. सुराच्या आधी फस्स असा आवाज येत होता. मास्तरांनी अर्ध्यातच हात वर केला. "ह्यो म्या न्हवं. ह्यो दात हालनारा मानूस हाय."

म्हणजे जुनं काहीतरी शोधायला हवं होतं. मास्तरांनी शेकडो लग्नांत वाजवलेलं, आणि त्या काळात प्रत्येक लग्नाचं शूटिंग व्हायचं. मी यादी केली. चौतीस घरं. रोज शाळा सुटल्यावर दोन-तीन घरं, असं आम्ही दोघे फिरलो. एकोणीस घरांत कॅसेट निघाली. सहा कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या सोडून दिल्या. उरलेल्या तेरा घेऊन ज्याने बहुतेक लग्नांचं शूटिंग केलं होतं त्या शूटिंगवाल्याच्या दुकानात गेलो. जुना व्हीसीआर त्याच्याकडे अजून चालू होता.

तेराही कॅसेटींत मास्तर दिसले. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, कधी नुसता कोपर आणि ट्रम्पेटचं तोंड. आवाज मात्र एकातही नव्हता. प्रत्येक वरातीवर सिनेमाची गाणी चढवलेली. शूटिंगवाला खाली बघून म्हणाला, "बँडचा आवाज कोन ऐकतंय, मास्तर? लोकंच म्हनायची, गानी टाका. म्या टाकली."

"तुमची काय चूक," मास्तर म्हणाले. "मलाबी तेच म्हनायची."

परत येताना ते रस्त्यात दोनदा थांबले. दमलेले दिसत होते. तेव्हा मला आमची स्वतःची कॅसेट आठवली. माझ्या लग्नात मास्तरच होते. मी ती यादीत धरली नव्हती, कारण तीही त्याच शूटिंगवाल्याची. तिच्यात काय असणार हे ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी नेली.

तशीच निघाली. एक गाणं, दुसरं गाणं. पण दुसरं संपल्यावर तिसरं लगेच सुरू झालं नाही. जोडताना शूटिंगवाल्याच्या हातून थोडी जागा सुटली असावी. पडद्यावर सव्वीस वर्षांपूर्वीचा कळंबचा बाजाररस्ता होता, आणि पहिल्यांदाच त्या रस्त्याचा खरा आवाज आला. टांग्याची घंटा, पोरांचा गलका आणि त्यावर ट्रम्पेट. मास्तर नुकतेच गाण्यातून निघाले होते. सूर तीन पायऱ्या वर चढला, तिथे थांबला, वाकला, आणि आता तो कुठे जाणार हे कळायच्या आत आणखी वर गेला. सातव्या सेकंदाला एक माणूस मोठ्याने बोलला: "मास्तर, बास. सरळ वाजवा. बारा एक्केचाळीसचा मुहूर्त आहे." ट्रम्पेट तिथेच तुटला आणि मुकाट्याने गाण्यावर परतला. मग तिसरं गाणं लागलं. सगळे मिळून अकरा सेकंद.

मला तो आवाज पहिल्या शब्दालाच ओळखू आला. असं काही मी बोललो होतो, हे मात्र मला अजिबात आठवत नव्हतं.

"परत लावा," मास्तर शूटिंगवाल्याला म्हणाले. त्याने लावलं. सहा वेळा लावलं. मास्तर पडद्याकडे न बघता, मान थोडी तिरपी करून ऐकत होते. सहाव्या वेळेनंतर म्हणाले, "बरा हाय की मानूस." आणि थोड्या वेळाने, "कुठं निघाला व्हता, कुनास ठाऊक."

मी म्हणालो, "मास्तर, मधे बोलणारा मी आहे."

"वळखलं की. आवाज तसाच हाय तुमचा." ते उठून चपला शोधू लागले. "लगीन येळंवर लागलं नव्हं?"

"लागलं."

"मग झालं."

पुढच्या सोमवारी त्यांनी दोन्ही दात काढून घेतले. कवळी बसवायला मुलीने सांगितलं, ते नको म्हणाले. भाकरी कालवणात भिजवून खाता येते, तेवढं पुरे. ट्रम्पेट त्यांनी धुऊन, पुसून, खटक्यांना तेल घालून तिच्याकडे दिला. त्यानंतर दीड वर्ष आमच्या सकाळी शांत होत्या. त्या शांततेची सवय मला लागली नाही. गेल्या मार्गशीर्षात मास्तर झोपेतच गेले.

ते गेल्यावर त्या अकरा सेकंदांची मोबाइलसाठी प्रत करून देताना शूटिंगवाल्याने विचारलं, मधलं बोलणं कॉम्प्युटरवर पुसून देऊ का. तेवढ्यापुरता ट्रम्पेटही थोडा पुसट होईल, पण कळणार नाही, म्हणाला. मी नको म्हणालो. आहे तसंच ते मास्तरांच्या मुलीला पाठवलं. तिने वडिलांना वरातीत वाजवताना कधी ऐकलं नव्हतं; त्या काळी बायका बँडच्या मागे, बऱ्याच लांब चालत.

तासाभराने तिचा निरोप आला. आधी एवढंच, की बाबा किती छान वाजवत होते. मग दुसरा: "सर, मधे त्यांना थांबवणारं कोण हो?"

मी लिहिलं, "मी."