बढिया म्हणालो आणि फसलो

आता काय सांगू, माणूस दुसऱ्याच्या तोंडून बदनाम होतो, मी माझ्याच तोंडानं माझी वाट लावून घेतली. तीही एका शब्दात! चहा घ्या आधी, गार होतोय.

आपल्या वर्ध्याकडं "काय भाऊ, कसं काय?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "बढिया!" घराला आग लागलेली असू द्या, माणूस बादली घेऊन पळता पळता म्हणेल, "बढिया!" मी तर या कामात पटाईत.

पण बाबा गेले तेव्हापासून माझं काहीच बढिया नव्हतं. झोप उडाली. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी सुपरवायझर. तिथं दिवसभर गोड बोलायचो आणि बोरगाव मेघेला घरी आलो की सगळ्यांवर ओरडायचो. माझी पोरगी सई, सातवीतली. मी बैठकीत पाऊल टाकलं की ती पुस्तक उचलून आत जायला लागली. ते मात्र मला सहन होईना.

वंदना, म्हणजे आमची मिसेस, म्हणाली, "तुमी कोणाले तरी दाखवा. नाईतर पोरगी तुमच्यासंग कधी बोलनच नाई."

आमच्या कामावरच्या विम्यात मनाच्या डॉक्टरची फीसुद्धा बसते म्हणे. कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी एकदम गोड. "सर, तुमच्या जिल्ह्यात आमच्या यादीत एकही थेरपिस्ट नाही. नेटवर्कच्या बाहेरचा चालेल. आधी तुम्ही पैसे भरा, मग बिल पाठवा. पडताळणीचा फोन येईल, त्यानंतर पैसे परत."

यादीत दातांचे होते, डोळ्यांचे होते, हाडांचे तर ढीगभर. मनाचा एक नाही! मी वंदनाला सांगितलं, "नेटवर्कच्या बाहेरचा पाहा लागते."

"मंग त्याले फोन कसा लागन?"

सापडल्या एकदाच्या एक मॅडम, वर्ध्यातच. त्यांनी विचारलं, "कसे आहात?" मी सवयीनं म्हणालो, "बढिया!"

"बढिया आहे तं इथं काऊन आले, भाऊ?"

मग बोललो. रडलोसुद्धा. हसू नका. निघताना मॅडम म्हणाल्या, "आता 'बढिया' बंद. कोणी विचारलं तर जे आहे ते सांगायचं." आणि खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं बिल विमा कंपनीला पाठवून येत होतो, तर किराणावाल्यानं विचारलं, "कसं काय भाऊ?" मी म्हणालो, "बरं नाई वाटून राह्यलं."

त्यानं मला ओवा दिला. त्याच्या बायकोनं शेजारी सांगितलं, याच्या छातीत दुखते. संध्याकाळपर्यंत माझा हार्ट अटॅक होऊन गेला होता! शेजारचे काका शहाळं घेऊन आले आणि मला धडधाकट पाहून जरा नाराजच झाले.

आई तर संतापली. "काऊन सांगून राह्यला लोकायले? घरात उद्या लग्नाची पोरगी आहे! कोणी विचारलं तं बढिया म्हणजो. माह्या गळ्याची शपथ आहे तुले."

सातवीतली पोरगी, आणि म्हणे लग्नाची! पण शपथ ती शपथ.

पुढच्या रविवारी समुद्रपूरला मामाच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. आम्ही पंगतीत. हात वरणभातात, तेवढ्यात फोन वाजला. वंदनानं स्पीकर लावून पानाशेजारी ठेवला.

"नमस्कार सर, विमा कंपनीतून बोलतोय. तुमची तब्येत कशी आहे?"

अख्खी पंगत थांबली. समोर नवे सोयरे, शेजारी मामा, पलीकडं आई. आईनं स्वतःच्या गळ्याला हात लावून माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "बढिया! एकदम बढिया!"

"झोप लागते?"

"घोडे विकून झोपतो, साहेब."

"चिडचिड वगैरे?"

मी तोंड उघडण्याआधी मामाच गरजले, "आमच्या भाच्याले काईच झालं नाई, साहेब! गाईवानी गरीब आहे! लिहून घ्या!"

त्यांनी लिहून घेतलं. क्लेम नामंजूर. कारण काय, तर विमाधारक स्वतःच ठणठणीत असल्याचं सांगतो, उपचाराची गरज दिसत नाही.

मी फोन करून भांडलो. गोड मुलगी म्हणाली, "सर, रेकॉर्डिंग ऐकवू?" ऐकवलं. माझा आवाज, मागं मामा, त्यांच्याही मागं कोणीतरी जिलेबी मागत होतं. ज्या कंपनीला अख्ख्या जिल्ह्यात एक थेरपिस्ट सापडला नाही, तिला माझं 'बढिया' बरोबर सापडलं! आणि राग कोणावर काढू? आवाज तर माझाच होता. पदरचे पैसे घालून पगारात भागेना. मॅडमकडं जाणं बंद पडलं.

फोन ठेवला तेव्हा सई दारात उभी होती. सगळं ऐकलं असावं तिनं. कित्येक महिन्यांनी पोरगी आपणहून माझ्याजवळ आली, शेजारी बसली.

"बाबा, तुमाले बरं नाई वाटत का?"

बघा, हेच तर ऐकायला मी तडफडत होतो. तोंड उघडलं.

"काई नाई, बेटा. बढिया."

ती उठली. मग पुस्तक उचलून आत गेली. आणि या वेळी ना आई समोर होती हो, ना मामा.