यांगझोमचा गोल

यांगझोमला मी आधी ऐकलं, मग पाहिलं. जपानातल्या तोयोसुच्या सुपरमार्केटात माझ्या मागे कोणीतरी पुटपुटलं, "कोथिंबीर काहून एवढी महाग बाप्पा?" वळून बघते तर जपानी वाटावा असा चेहरा. हातातलं दही पडता पडता राहिलं. मी पुण्याची, इथे राहून असलं अस्सल वैदर्भी मराठी कानावर पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिचे आजोबा तिबेटातून डोंगर ओलांडून आले. ती जन्मली गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत. इथे ती वृद्धाश्रमात काम करते, नवरा योकोहामाच्या हॉटेलात स्वयंपाकी. मुलगी देचेन आठवीत. आईनं काहीही विचारलं तरी ती उत्तर देणार जपानीत.

बुधवार हा यांगझोमचा वार. त्या दिवशी बरेच तिबेटी आपली भाषा बोलतात, आपला पोशाख घालतात आणि जमतील तेवढे गोल धरून नाचतात. इथे जमणार कोण? ती एकटीच टेबलाभोवती गात फिरायची. "हसू नका ताई," म्हणायची, "त्याच्यावरच तर मी आठवडाभर उभी राहते." मी कशाला हसते? माझ्या घरी तर लेकरं वरणालाही नाक मुरडतात.

आमचं मराठी मंडळ शरदात तोयोसुतच सगळ्यांसाठी मेळावा भरवतं, त्यात तिला नाचायचं होतं. मंडळाची विभा म्हणाली, "तिबेटी कोणाला कळणार गं? लेझीम घे ना." माझं डोकंच फिरलं. कळायला काय परीक्षा आहे, म्हटलं. विभानं तोंड वाकडं करून दुपारची वेळ दिली.

खरा अडसर घरातच होता. देचेननं आईला बजावलं, "वर्गातल्या मुली येणार आहेत. मी त्यांना आपण इंडियन आहोत म्हणून सांगितलंय. तू नाचू नकोस." यांगझोम माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "आपण कोण, हे माझ्यामागं कोण सांगेल ताई?"

तरी ती आली. पायघोळ तिबेटी झगा, वर रंगीत पट्ट्यांचा एप्रन. समोर तिच्या वृद्धाश्रमातल्या जपानी आज्या बसलेल्या. पार मागे, डोक्यावर टोपी ओढून, देचेन. यांगझोम स्टेजवर एकटीच गायली, नाचली. टाळ्या अगदीच तुरळक. मला तर बघवेना.

मग ती सरळ खाली उतरली आणि आज्यांपुढे हात केला. त्या बाया जन्मभर उन्हाळी उत्सवात गोल धरून नाचलेल्या, त्यांना आग्रह लागतोय कुठे? भराभर उठल्या, हात धरले आणि आपल्या सवयीनं उलट्या दिशेनं निघाल्या. यांगझोम एकीकडे, आज्या दुसरीकडे. धक्काबुक्की झाली, लोक हसले. आपण देवाला उलटी प्रदक्षिणा घालतो का? तिबेट्यांच्या गोलाचंही तसंच. पण म्हाताऱ्या माणसांना ओढायचं कसं? गाणं तिच्या तोंडातच अडकलं.

तेवढ्यात देचेन टोपी काढून धावत आली. सगळ्यात थोरल्या आजीला वाकून जपानीत म्हणाली, "आजी, अशी नाही, अशी. देव उजव्या हाताला ठेवायचा." एकेकीला खांद्याला धरून हळूच वळवलं. मग आईचा हात धरला आणि अडकलेली ओळ उचलली. तिबेटीत, खणखणीत. एकही शब्द चुकला नाही. म्हणजे दर बुधवारी ही पोरगी दाराआडून सगळं ऐकत होती तर. मला भरून आलं, लपवत नाही.

गोल फिरू लागला. मुलं शिरली, मी शिरले, विभाही लेझीम विसरून शिरली. देचेनच्या वर्गातल्या मुली धावत आल्या. एकीनं विचारलं, "हा इंडियाचा नाच?"

"नाही," देचेन म्हणाली. "तिबेटचा. आमचा."

यांगझोमनं नाचता नाचता माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं न ताई?"

ऐकलं, म्हटलं. सगळ्या तोयोसुनं ऐकलं.