मेंढरांत उतरलेला पायलट

बिरदेव हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा आम्ही सगळे धरून चाललो होतो की हा आता पुण्यात राहणार आणि एखाद्या विमान कंपनीत जाणार. ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यावरून उतरलेला माणूस आणखी काय करणार? त्यानं आल्या आल्या जतकडच्या बाजारातून माडग्याळी मेंढरं आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला टापशी, खांद्यावर घोंगडं आणि पायांत हवाई दलातले काळे बूट, अशा थाटात तो माळाला निघाला. वाटेत भेटेल त्याला हसत रामराम घालत होता.

औंधच्या पूर्वेला, यमाईचा डोंगर मागं टाकून बरंच पुढं गेलं की आमचं गाव. पाणी कमी, माळ मोठा. बिरदेव आणि मी लहानपणी शाळेत एका बस्करावर बसायचो. तो अर्धं वर्षच असायचा. दिवाळी झाली की त्याचे वडील अर्जुना मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून आई रंगुबाई आणि हा मागोमाग. असं असूनही तो साताऱ्याच्या सैनिक शाळेच्या परीक्षेत पास झाला. त्याला सोडायला रंगुबाई गेली होती. गेटवरच्या जवानाला ती म्हणाली, "पोरगं उन्हातान्हात वाढल्यालं हाय. घरात कोंडून घालू नगा."

त्यांनी कोंडलं नाही. सैनिक शाळेतून तो खडकवासल्याला गेला आणि तिथून हवाई दलात, लढाऊ विमानांवर. त्याचं बहुतेक आयुष्य मिग-२१ वर गेलं. मी मात्र इथल्याच शाळेत मास्तर झालो.

पहिल्यांदा विमानाचा फोटो घेऊन तो घरी आला तेव्हाचं बोलणं मला अजून आठवतं. रंगुबाईनं फोटो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात किती माणसं बसत्यात?"

"मी एकटाच, आई."

"आनी जातूस कुठं?"

"वर जायचं, फिरायचं, आन् परत तिथंच उतरायचं."

"एवढं त्याल जाळून तिथंच?" असं म्हणून ती जी हसायला लागली, ती थांबेचना. पोरगं काय काम करतं हे त्यानंतर तिनं फारसं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

या जानेवारीत त्याच्याकडं दोन पाहुणे आले, आणि त्या दिवशी सगळं उलगडलं.

पहिला वीरधवल. हा कृष्णाकाठचा, वाळव्याकडचा, घरचा ऊस. सैनिक शाळेपासून बिरदेवचा जोडीदार, पुढं दोघं एकाच स्क्वाड्रनमध्ये होते. तो लवकर बाहेर पडला आणि आता प्रवासी विमानं चालवतो. दुसरी पाहुणी राजनंदिनी, सांगलीजवळच्या माधवनगरची. तिचे आजोबा तिथल्या कापड गिरणीत होते. ती बिरदेवच्या हाताखाली शिकली आणि सध्या राजस्थानच्या बाजूला सुखोई उडवते. रजेवर आली होती, म्हणून सरांना भेटायला आली.

घरापुढं लिंबाखाली घोंगडी अंथरली होती. बिरदेवची बायको क्रांतीवहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मला मुद्दाम बोलावणं होतं. रंगुबाई बाजूला चातीवर लोकर कातत बसली होती. वय झालं तरी तिचे हात रिकामे राहत नाहीत.

बोलणं विमानांवरच सुरू झालं. मागच्या वर्षी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, त्या निरोपाला दोघंही मित्र गेले होते.

"गड्या, मी रडलो तिथं," वीरधवल म्हणाला. "ते विमान म्हणजे बुजऱ्या खोंडासारखं. जरा ढील दिली की ओढून नेणार. पण एकदा हात बसला की काय पळायचं!"

"तुला सगळीकडं बैलंच दिसतात," बिरदेव म्हणाला. वीरधवलला बैलगाडा शर्यतींचा भारी नाद. घरी दोन खोंडं आहेत, आणि विमानाच्या ड्यूट्या तो शर्यतींच्या तारखा बघून बदलून घेतो.

"दिसणारच! आता मी जे चालवतो ना, ते गरीब म्हशीसारखं आहे. आपलं आपण जातं. मी मागं बघून प्रवाशांना हवामान सांगतो." मग तो जरा थांबला. "चल की आमच्याकडं बिऱ्या. शिकवायला माणसं हवीच आहेत. मेंढरं काय, कधीबी पाळशील."

"मेंढरंच कवा पाळू, म्हणून इतकी वर्षं थांबलो हुतो," बिरदेव म्हणाला. त्यात जराही नाटक नव्हतं. गावाकडची भाषा त्याच्या तोंडात परत आली होती आणि ती त्याला शोभत होती.

रंगुबाईला राजनंदिनी आवडली होती. "बाई, तू बी एकटीच बसतीस काय त्यात?"

"नाही आजी, आमच्यात दोघं असतात. पण जोरात वळताना अंगाचं वजन सात-आठपट होतं. मान वळवायची म्हटलं तरी कस लागतो."

"म्हंजी डोक्यावर सात हंडं?"

"तसंच समजा. आणि हंड्यांसकट मागं बघायचं, कुणी येतंय का."

"मग आल्यावर काय करतीस?"

"झोपते. आणि उठल्यावर माग लावते." तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. क्वार्टरमध्ये एका कोपऱ्यात छोटा हातमाग होता आणि त्यावर अर्धवट विणलेली निळी चादर. आजोबांमुळं तिला लहानपणापासून सुताची ओढ. रंगुबाईनं लगेच चाती तिच्या हातात दिली. सुखोई उडवणाऱ्या पोरीचा धागा चार वेळा तुटला. पाचव्यांदा हातभर धागा निघाला, तेव्हा ती आनंदानं अशी ओरडली की बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं.

मी हळूच लढाईचं विचारलं. राजनंदिनी नुसती हसली. "सर, माझी नोकरी अजून चालू आहे. ते नाही सांगता येणार."

कारगिलच्या वेळचं मात्र वीरधवलनं सांगितलं. उंच शिखरांचे फोटो काढायला दोघं जोडीनं गेले होते. खालून क्षेपणास्त्राची धुराची रेघ वर आली, वीरधवलनं रेडिओवर ओरडून सांगितलं, बिरदेव वळला आणि ती रेघ मागून निघून गेली. "उतरल्यावर ह्यानं काय केलं विचारा! खोलीतून ढोल काढला आणि हँगरच्या मागं उभा राहून धनगरांच्या गजी नाचाचा ठेका धरला. आमचे कमांडिंग ऑफिसर धावत आले. आम्हाला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, जरा सावकाश वाजव, मला पाय जमत नाहीत."

सगळे हसले.  मग त्यांच्या स्क्वाड्रनमधले दोघं पुढं जिवानिशी गेले, त्यांची नावं त्यांनी हळू आवाजात घेतली.

बोलणं पुन्हा हलकं करायला वीरधवल म्हणाला, "आणि ह्याचं विमान पडलं तेव्हाची गंमत? मेंढरांतली?"

बिरदेवनं डोळ्यानं खुणावलं. पण उशीर झाला होता. रंगुबाईच्या हातातली चाती थांबली.

"कुणाचं इमान पडलं?"

वीरधवलनं जीभ चावली. "माजं, आई," शेवटी बिरदेवच म्हणाला. "लय वर्सं झाली. पाठीला लागलं हुतं बघ, तवाच."

"जीपमधनं पडलो म्हनला हुतास."

"व्हय."

"मंग आता सांग. सगळं."

आणि बिरदेवनं सांगितलं. राजस्थानात, जमिनीलगत उडत असताना एक मोठा पक्षी इंजिनात गेला. इंजिन बंद पडलं. खाली एक वस्ती होती, तिच्यापासून त्यानं विमान वळवलं आणि वैमानिकाला बाहेर फेकणारा खुर्चीचा दांडा ओढला. त्या धक्क्यानं पाठ आखडली. छत्रीनं खाली येताना पाहतो तर बरोबर खाली मेंढरांचा कळप. विमान दूर ओसाड रेतीत आदळलं, त्या आवाजानं मेंढरं चौफेर उधळली आणि हा त्यांच्या मधोमध पडला.

"लोक काठ्या घेऊन आले. अंगावरचा वेश बघून त्यांना वाटलं, सीमेपलीकडचा हाय. मी आपला हात वर करून पडलोय. तेवढ्यात बाजूला एक मेंढी वरडाय लागली. अडल्याली हुती. एक बाई तिच्यापाशी बसून घाबरी झाल्याली. मी म्हनलं, पाय दुमडलाय पिलाचा, आत सरकवून सरळ करा. तिला उमजंना. मंग मीच सरकत गेलो. पाठ वाकत नव्हती, म्हनून रेतीत कुशीवर पडलो आन् पडल्या पडल्या पिल्लू सोडवलं."

"जगलं?" रंगुबाईनं विचारलं.

"जगलं की. मेंढी बी वाचली. मंग काठ्या खाली पडल्या. त्या बाईनं माजं डोकं मांडीवर घेतलं आन् शेळीचं दूध पाजलं. हेलिकॉप्टर येईपातूर ऊन लागू नये म्हनून पदर धरून बसली."

"आणि हेलिकॉप्टरमधला डॉक्टर!" वीरधवलला राहवेना. "ह्याचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले! डॉक्टर जखम शोधतोय आणि हा सांगतोय, 'माझं नाही हो, मेंढीचं!'"

आम्ही हसलो, पण रंगुबाई उठली आणि वाघरीच्या जाळीकडं, मेंढरांत जाऊन उभी राहिली. बिरदेव तिच्या मागून गेला. मीही दोन पावलं मागं होतो.

"चुकलं, आई. तुला सांगितलं असतं तर इमान सोड म्हनली असतीस."

"म्हनलीच असती. आन् तू ऐकलं नसतंस." तिनं डोळे पुसले. "त्याचं वाईट न्हाई वाटत मला. त्या बाईनं दूध पाजलं तुला. माज्या लेकराचं डोस्कं मांडीवर घेतलं. तू परत गेलास का तिच्याकडं?"

बिरदेव गेला नव्हता. दवाखाना झाला, बदली झाली, मग पुढची बदली.

"जीव वाचवल्याल्या बाईचं नाव तरी ठावं हाय का?"

"धापू. एवढंच."

"एवढं बास झालं. जायाचं," रंगुबाई म्हणाली आणि जेवायला चला म्हणून सगळ्यांना हाक मारली. जेवताना तिनं वीरधवलच्या ताटात तीनदा मटण वाढलं. त्याच्यामुळं खरं कळलं, म्हणून.

शोध राजनंदिनीनं लावला. तिचा तळ त्याच बाजूला. ओळखीच्या माणसांना विचारत विचारत ती एका सुट्टीच्या दिवशी त्या वस्तीवर पोचली आणि तिथूनच व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर हातभर बांगड्या घातलेली एक म्हातारी आमच्याकडं टक लावून बघत होती. रंगुबाईनं इकडून हात जोडले, तिनं तिकडून. बोलणं एकमेकींना कळलं नाही, पण दोघी बराच वेळ बोलत होत्या.

होळी झाल्यावर आम्ही निघालो. बिरदेव, वहिनी, रंगुबाई आणि मी. पुण्याहून जोधपूरच्या विमानात रंगुबाईला खिडकी मिळाली. तिनं आधी पुढं पाहिलं, मग शेजारी बसलेल्या लेकाकडं.

"तू हितं का बसलास? जा की पुढं."

"आज मी पाव्हना हाय, आई."

ढग खाली गेले तशी ती काचेला नाक लावून बसली. "लोकर कातरून टाकल्यावानी दिसतंय," म्हणाली. विमान उतरायला लागलं तेव्हा मी पाहिलं, बिरदेवनं खुर्चीचा दांडा घट्ट पकडला होता. दुसऱ्याच्या हातातलं विमान त्याला सोसत नव्हतं. रंगुबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला. "भिऊ नगं. मी हाय." पुढच्या रांगेतले लोकही वळून हसले.

वस्तीवर राजनंदिनी आधीच येऊन थांबली होती. धापूबाईनं बिरदेवला ओळखलं नाही. तेव्हाचा तरणा पोरगा आता पिकलेल्या मिशांचा झाला होता. मग राजनंदिनीनं हिंदीत सांगितलं, आकाशातून पडला होता तो हाच. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. आणि मग तिनं जे केलं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं. ती सरळ रेतीत कुशीवर आडवी झाली आणि एक हात पुढं करून, तोंडानं कण्हत, बिरदेव त्या दिवशी कसा सरकत होता त्याची हुबेहूब नक्कल करायला लागली. मधूनच मेंढीसारखी ओरडत होती. तिची नातवंडं टाळ्या पिटायला लागली. रंगुबाई हसून हसून खाली बसली, डोळ्यांतून पाणी, आणि बिरदेव लाजून लालबुंद.

रंगुबाईनं नवं घोंगडं तिच्या खांद्यावर टाकलं. मग तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "माज्या लेकाला संबाळलंस, बाई." भाषांतर कुणी केलं नाही, कुणी मागितलंही नाही. धापूबाईनं सगळ्यांसाठी शेळीचं दूध आणलं. माझ्यासारख्या शेळीच्या दुधाला नाक मुरडणाऱ्यालाही पुन्हा मागावंसं वाटलं.

दुपारभर दोघी मेंढरांच्या खुरांवरून आणि दातांवरून हात फिरवत हिंडल्या. आमची मेंढी उंच की तुमची, हा वाद हातवाऱ्यांनी चालला होता. आम्ही एकच रात्र राहणार होतो. सकाळी उठून पाहतो तर दोघींच्या बाजा रिकाम्या. दूर रेताडावर मेंढरांचा पांढरा लोट चालला होता आणि त्याच्या मागं दोन म्हाताऱ्या, एकीच्या खांद्यावर आमच्याकडचं काळं घोंगडं.

"आई, गाडी आली!" बिरदेवनं हाक मारली.

तिकडून आवाज आला, "उद्या ये म्हनावं!"

बिरदेवनं माझ्याकडं पाहिलं, खांदे उडवले, आणि बूट चढवून त्यांच्या मागोमाग धावत सुटला.