रुक्मिणीचे काळे दात

रुक्मिणीचा हेल्थ टॉक रंगात आला होता. हेल्थ टॉक म्हणजे वॉर्डातल्या पेशंटना आजाराची माहिती सोप्या शब्दांत सांगणं. नर्सिंगला त्याचे मार्क असतात. विषय होता तंबाखू. मी तिची ट्यूटर म्हणून मागं उभी, शेजारी आमच्या प्रिन्सिपल मॅडम. लातूरच्या हिवाळ्यातलं मऊ ऊन खाटांवर पसरलं होतं. बाया अर्धवट पेंगत ऐकत होत्या.

पायाच्या जखमेसाठी आलेल्या हमीदाबी मध्येच म्हणाल्या, "बेटी, तुझेच दात काळे हायत की!"

वॉर्ड हसला. रुक्मिणी म्हणाली, "हाव खाला. मी पन मिश्री लावते."

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडं तिला कुणी नशा म्हणतच नाही, दात घासणं म्हणतात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात रुक्मिणीच्या आईला झोप लागेना, तेव्हा मिश्रीची डबी घरात आली. पुढं रुक्मिणीनं रेणापूरहून येऊन लातुरात मेडिकलचा क्लास लावला, तेव्हा डबी तिच्याही बॅगेत आली. मेडिकलला नंबर लागला नाही. डबी राहिली. सकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर हिरड्यांवरून बोट फिरवत, डोळे अर्धे मिटून ती उन्हात बसायची. काहीही विचारा, उत्तर एकच, "होतंय की, मॅडम." मला ती फार आवडायची.

"उद्याच्या उद्या घरी पाठवा तिला," प्रिन्सिपल म्हणाल्या.

"घरी गेली की लग्नच लावून देतील, मॅडम. परीक्षेपर्यंत माझ्यावर सोडा."

"पुन्हा डबी दिसली, तर मी तुमचंही ऐकणार नाही."

डबी मी काढून घेतली. पोरगी कोमेजलीच. डोकं दुखायचं, कुणावरही खेकसायची. "होतंय की" तर बंदच झालं. तिचा सगळा आनंद त्या पुडीतलाच होता की काय, या विचारानं माझा जीव कासावीस झाला.

सुटी झाल्यावरही हमीदाबी ड्रेसिंगला आल्या की आधी तिला हाक मारत. "दात दाखव."

एकदा ती वैतागली. "तुमचे दाखवा की, खाला!"

हमीदाबींनी पदरानं तोंड झाकलं. पुढच्या ड्रेसिंगला त्यांनी कनवटीची मिश्रीची पितळी डबी काढून तिच्या हातावर ठेवली. "धुऊन लवंगा भर हिच्यात. पन जमंल का गं मला, या उमरीत?"

रुक्मिणीनं पट्टी बांधता बांधता वर पाहिलं. "होतंय की, खाला."

आता तिच्या तोंडात मिश्री नव्हती. मी खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले.

ती पास झाली. आता नांदेडला सिस्टर आहे. मी मात्र तंबाखूवरच्या हेल्थ टॉकला मार्क देताना आधी मुलीचे दात बघते.