लहानूच्या कॉलरला लावलेली डबी

लहानू मूळचा पेठ तालुक्याकडचा, पण वाइनच्या स्टीलच्या टाक्या जोडता जोडता त्याची उमर अंबडच्या कारखान्यातल्या शेडमध्येच गेली. टाकीत उतरायचं, वेल्डिंगचा रॉड पेटवायचा, धूर गिळायचा. हल्ली सकाळी नाक शिंकरलं की रक्त यायचं. धूर ओढणारा पंखा बसवा म्हटलं, की सुपरवायझर नवनाथ मान तिरपी करून लाडात म्हणायचा, "हवेचा रिपोर्ट ओके आहे ना, लहानूभाऊ? मग झालं तर." आणि रिपोर्ट खरंच ओके असायचा.

यंदा हवा तपासायला लॅबकडून दीपमाला आली. बोलणं इतकं झरझर, की ऐकणाऱ्याला दम लागावा. आजवर म्हणे धुरातलं सगळं क्रोमियम एकत्रच मोजायचे. पण त्याची रूपं वेगळी. एक बरंचसं गरीब, दुसरं नाक पोखरणारं, कॅन्सरपर्यंत नेणारं. ती हे दुसरं वेगळं काढून मोजणार होती. आकडा वाईट आला तर मालकाला पंखा बसवावाच लागणार होता. तिने लहानूच्या कमरेला छोटा पंप बांधला आणि कॉलरला डबी लावली. पंप हवा ओढणार आणि डबीतल्या फिल्टरवर धुराची धूळ बसणार होती.

आता लहानूच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. परक्या पोरीची महागाची वस्तू, ठिणगी उडाली म्हणजे? टाकीत उतरताना त्याने डबीला भाकरीची प्लास्टिकची पिशवी घातली, वर रबर लावलं.

संध्याकाळी फिल्टर कोराच. दीपमालाने पिशवी आणि रबर हातात धरलं.

"काका, हे काय केलंत?"

"घाण नको व्हायला, ताई. लय जपली."

हा फिल्टर टाकीतली हवा चोख ठरवील, असं तिने सांगितलं तेव्हा लहानूच्या तोंडचं पाणी पळालं. आपला पंखा आपणच घालवला. नवनाथ तर म्हणत होता, असू द्या मॅडम, हाच पाठवा. तिने तो बाद केला. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती, तरी आली, नवा फिल्टर लावला आणि दिवसभर खोकत टाकीच्या तोंडाशी बसून राहिली.

एकूण क्रोमियम नेहमीसारखंच मर्यादेत निघालं, ते वाईट रूप मात्र मर्यादेच्या कितीतरी वर. पंखा आला. हळूहळू रक्त थांबलं.

लहानूने तिला फोन लावला. "ताई, तुझ्या सुट्टीवर माझं नाक बरं झालं बघ. नागलीचे पापड धाडतो, नाय म्हणू नको."

तिकडून लगेच झरझर सुरू झालं: मास्क सोडायचा नाही, डॉक्टरकडे जायचंच, पापडात मीठ कमी. लहानू सगळ्याला हो म्हणत राहिला.