कळंबच्या परीक्षेला गायीआडून

मंगळवार, ७ एप्रिल १९५९. हजर: मी, माझी सोलापूरची जुनी विद्यार्थिनी सुमन, जी आता पारधी वस्तीवरच्या शाळेत मास्तरीण आहे, तिची चौथीची तीन मुलं मैना, शंकर आणि दगडू, मैनाचे आजोबा भुजंगबाबा, आणि एक तांबडी गाय. गाय माझ्या यादीत नव्हती.

या वस्तीवरची मुलं पहिल्यांदाच चौथीच्या परीक्षेला बसणार होती. केंद्र सहा मैलांवर, कळंबला. सुमनने मदतीला बोलावलं म्हणून मी आदल्या संध्याकाळी आले. पेन्सिली टोकदार केल्या, पाट्या पुसल्या आणि सकाळी आठची एसटी ठरवली. ती धुरळा उडवत समोरून निघून गेली. मुलं चढलीच नाहीत.

"बाई, तुमची एस्टी लई चांगली हाय," भुजंगबाबा म्हणाले, "पर कंडक्टर गायीला तिकीट देतोय व्हय?"

"गाय कशाला हवी, बाबा?"

त्यांनी मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. पारधी माणूस शिकारीला गायीच्या आडून जातो. गाय चरत चरत पुढे, माणूस तिच्या पोटाआड. गायीला तितर भीत नाही. "माणसाचंबी तसंच हाय," ते म्हणाले. "आमचं पोर एकलं बाजारात गेलं की जो तो इचारतो, कुठं निघालास रं, काय उचलाया आलास? गाय संगं असली की गुराखी म्हनून सोडतेत."

मग गाय पुढे घालून निघालो चालत.

सहा मैलांना तीन तास असं मी वहीत लिहिलं होतं. लागले सात. शिकारीला शिकवलेली गाय घाई करत नाही. चार पावलं टाकते, तोंड खाली घालते, पुन्हा चार पावलं. उन्हात तापलेली काळी रानं, बांधावरच्या बोरी आणि मध्येच एखादं हिरवंगार लिंबाचं झाड. दुसऱ्या मैलाला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मैनाने कमरेची फाशाची दोरी (तितर धरायची घोड्याच्या केसांची दोरी) काढून तो असा बांधला, की सोलापूरच्या चांभाराने विचारलं असतं, कुणाकडून करून घेतलात?

वाटेत भुजंगबाबा बोलत राहिले. निजामाच्या राज्यात पारधी म्हणजे जन्माचा चोर धरत, म्हणून ते रोज सांजच्याला पोलीस पाटलापुढे उभे राहून हजेरी द्यायचे. शाळेच्या दारातही कुणी उभं करत नव्हतं. त्यांचा मुलगा, म्हणजे मैनाचा बाप, शाळेच्या खिडकीखाली शेळ्या राखायचा. आत उर्दू चालायचं.

"अजून त्याला अलिफ-बे-ते तोंडपाठ हाय," बाबा हसले. "बाकी काय न्हाय. शेळ्यास्नी म्हनून दाखवतो."

"अन् शेळ्या शिकल्या," दगडूने पुस्ती जोडली.

कळंबला आमचा मुक्काम बांगड्यांचा व्यापार करणाऱ्या चांदबींच्या घरी होता. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं (पातळ कढण) आणि कापलेलं कलिंगड. शंकरने पाच फोडी खाल्ल्या. "खाव बेटा, परीक्षा में पेट बोलना नै," चांदबी म्हणाल्या. गाय दारातल्या लिंबाखाली बांधली.

सकाळी गायीसह शाळेच्या फाटकात पोचलो, तर शिपायाने अडवलं.

"ही गाय कुणाची?"

"परीक्षार्थींची," सुमन म्हणाली आणि थांबलीच नाही.

लेखी झाली, मग ओसरीवर तोंडी. मी खांबाला टेकून ऐकत होते. काळ्या टोपीतल्या परीक्षक गुरुजींनी मैनाला विचारलं, "गायीचे उपयोग सांग."

"लपायला."

बाकीची मुलं खिदळली. दूध, शेण, गोमूत्र हे सुमनने वीस वेळा घोटून घेतलं होतं.

"दूध?" गुरुजींनी धागा पुढे केला.

"आमची देत न्हाय. तिच्या मागनं चाललं की तितर उडत न्हाय."

गुरुजींनी टोपी मागे सरकवली. "तितर ओरडतो कसा?"

मैनाने तळहात ओठांशी नेला आणि असा आवाज काढला, की आतल्या वर्गातली मुलं बाक सोडून खिडकीशी आली. गुरुजी हसले. मग त्यांनी दुधाचा प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी मैनाने दूध, दही, ताक, लोणी, तूप एका दमात सांगून टाकलं.

शनिवारी निकाल लागला; तोवर आम्ही चांदबींकडेच होतो. मैना आणि शंकर पास. दगडू गणितात अडकला; त्याला जूनमध्ये पुन्हा बसवायचं. चांदबींनी सगळ्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला, गायीच्यासुद्धा.

पाचवी फक्त कळंबला. शंकरला वसतिगृहात जागा आहे; मुलींसाठी वसतिगृह नाही. चांदबी लगेच म्हणाल्या, "छोकरी मेरे पास रैंगी, मेरी शकीला के संग." सगळे भुजंगबाबांकडे बघू लागलो. एवढं शिकवून मैना परत बोरीखाली तितर धरायला जाणार की पाचवीत बसणार, हे त्यांच्या एका शब्दावर होतं.

बाबांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली. "राहू दे. पर गायबी हितंच राहील."

"बाबा, आता ती पाचवीतली विद्यार्थिनी. तिला कोण अडवणार?"

"तुमी म्हनता, बाई. गाव अजून म्हनत न्हाय."

चांदबींच्या दारातून शाळेपर्यंतचा सगळा बाजार मी मनातल्या मनात चालून पाहिला आणि गायीलाही हो म्हटलं.

सोलापूरच्या गाडीत वही उघडली. मैनाचं नाव पाचवीत घातलं: झालं. दोन परकर-पोलकी शिवायला टाकली: झालं. दगडूच्या गणिताला सुमन: ठरलं. खाली एक ओळ मोकळी आहे. मुख्याध्यापकांना पत्र लिहायचं आहे, शाळेच्या आवारात मैनाच्या गायीला एक खुंटा हवा म्हणून. कारण काय द्यावं ते सुचत नाही. पत्र अजून लिहिलेलं नाही.