बारा व्होल्ट

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही, आणि तिला तर मी दुकानातली बारीकसारीक गोष्ट रोज सांगतो. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

माझा स्वभाव संशयी. कराडात कॉलेजच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ग्राफिक्स कार्डं जास्त येतात. कार्ड आलं की आधी त्याच्या एका स्क्रूवर मी नेलपॉलिशचा ठिपका देतो. उद्या गिऱ्हाइकानं बाहेर कुठं उघडून आणलं आणि नाव माझं घेतलं तर? असा मी. चहात साखर कमी लागली तरी मला वाटतं, चहावाल्यानं मुद्दाम केलं.

महादेव माझा दोस्त. सांगलीत एकाच दुकानात, एकाच टेबलावर आम्ही काम शिकलो. मग मी कराडला आलो, त्यानं आष्ट्यात दुकान टाकलं. त्याचा हात लय साफ — त्यानं बसवलेला पार्ट कंपनीचा वाटायचा. त्याला न जमणारी कार्डं तो माझ्याकडं पाठवायचा. सरळ गोष्ट आहे, नाही का? पण मला ती सरळ दिसेना. चांगली कामं स्वतःकडं ठेवून मेलेली हा माझ्या गळ्यात मारतोय, असं मी मनात धरून बसलो होतो. विचारलं मात्र कधीच नाही.

अशात महादेवकडून कुंडलच्या सुनीताताईंचं कार्ड आलं. त्या लग्नांचे व्हिडिओ बनवतात. ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर बंद पडलेला. महादेवनं फोनवर सगळं सांगितलं होतं — वीज पुरवणारा एक पार्ट जळाला होता, तो बदलला, तरी स्क्रीनवर काही येत नाही, आणखी एका लाइनला शॉर्ट आहे. मी मोजलं. बोलला ते खरं होतं. मुख्य चिप जिवंत होती — हे नीट ऐका, जिवंत होती. कुठलातरी बारका कपॅसिटर शॉर्ट झाला होता, बस्स.

असा शॉर्ट हुडकायची आमची एक रीत आहे. त्या लाइनवर बाहेरून एखाद व्होल्टच सोडायचा आणि बोर्डावर स्पिरिट लावायचं. जिथलं स्पिरिट आधी उडून जातं, तिथं दोष. पण माझं लक्ष होतं कुठं? मी मायक्रोस्कोपला डोळा लावून महादेवनं बसवलेला पार्ट तपासत होतो. जुना बसवलाय का? सोल्डरचा टाका कच्चा आहे का? काहीतरी सापडावं — खरं सांगतो, सापडावंच असं वाटत होतं. काही सापडलं नाही. त्याच नादात सप्लायची पिन त्या लाइनवर टेकवली.

सप्लाय बारा व्होल्टवर होता. आधी एका कॅमेऱ्याचा बोर्ड तपासला होता, तो आकडा मी खाली आणलाच नव्हता. टच् — कपॅसिटर उडाला, शॉर्ट सुटला, आणि ते बारा व्होल्ट थेट चिपवर गेले. वास आला. परत मोजलं. चिप मेलेली.

मग मी काय केलं? हात धुतले आणि सुनीताताईंना फोन लावला. म्हणालो, चिप आष्ट्यातच गेलीय, पार्ट चुकीचा बसवलाय. आवाजसुद्धा हलला नाही माझा. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. आणि त्या भागातले सगळे फोटोवाले त्यांच्या ओळखीचे. गोष्ट आष्ट्यात पोचायला कितीसा वेळ लागणार?

महादेव स्वतः आला. भांडायला आला असणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तो स्टुलावर बसला, कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मी मोजलं तवा चिप बरी व्हती, गड्या. माझ्याच हातनं गेली का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. माझ्यावर त्याला संशय आला नाही. मीटर चुकला असंल, म्हणाला — स्वतःचा मीटर.

त्यानं कार्डाची कामं सोडली. आता मोबाइलची कव्हरं विकतो, काचा बसवतो. आष्ट्याकडचं कुणाचं कार्ड बिघडलं की न उघडताच माझ्याकडं धाडतो. मधे बरेच दिवस मला वाटायचं, याला कळलंय, हा मला खेळवतोय. तसं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात तो कराडला लग्नाला आला होता, तेव्हा दुकानात डोकावला. मी एका कार्डावरचा पार्ट काढत होतो. काय सुचलं कुणास ठाऊक — गरम हवेची गन त्याच्यापुढं धरून म्हणालो, "तू काढ की हे." त्यानं ती हातात घेतली. बोटं बरोबर जागी बसली, सांगलीला बसायची तशीच. मग त्यानं ती माझ्याकडं परत केली.

"नगो रं," तो म्हणाला. "लोकाचं कार्ड हाय. माझ्या हातनं जातंय."

मी गन घेतली आणि तो पार्ट काढला.